तू कुठून आणतेस?

1. पाचशे अनोळखी आणि एक मैत्रीण

लंडनमधल्या वेम्बली सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून ईलिंग रोडला वळलं, की अल्पर्टनच्या दिशेने भाजीची, डाळींची, मिठाईची, साड्यांची आणि सोन्याची दुकानं एकाला एक लागून सुरू होतात. भाजीचे क्रेट फुटपाथवर मांडलेले असतात. मेथी, गवार, तोंडली, सुरण, ओली हळद, काही मागावं आणि मिळू नये असं सहसा होत नाही. यातल्या बहुतेक दुकानांना फोनवर तारे आहेत, शेकडो गिऱ्हाइकांचे शेरे आहेत, फोटो आहेत. तरी भारतातून नुकतीच राहायला आलेली मराठी बाई पहिल्याच आठवड्यात आपला प्रश्न विचारते तो फोनला नव्हे, ओळखीच्या मराठी घराला: ‘तू कुठून आणतेस?’ हिशेबी माणसाला हे पटत नाही. पाचशे लोकांनी पाचपैकी साडेचार तारे दिले असताना एकटीच्या मताला एवढं वजन का? एक हा आकडा पाचशेपेक्षा मोठा कधीपासून झाला?

याची सोपी उत्तरं दोन. एक, ही जुनी सवय आहे आणि सवयी मरत नाहीत. दुसरं, माणसं भोळी असतात. दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. फोन हातात असलेली, बँकेचे व्यवहार त्यावरच करणारी बाई आळसाने किंवा भोळेपणाने मैत्रिणीला विचारत नाही. तिला जे हवं आहे ते पाचशे जणांकडे नसतं. मैत्रिणीला दुकानाबद्दल कदाचित त्यांच्याहून कमीच माहिती असेल; पण विचारणाऱ्या घराबद्दल तिला त्यांच्याहून कितीतरी जास्त माहिती असते. तिच्या शिफारशीची सगळी किंमत या दुसऱ्या माहितीत आहे. ही किंमत कुठे भरपूर मिळते, कुठे अजिबात मिळत नाही आणि कुठे उलटी महागात पडते, हे आता एकेक करून पाहू.

वेम्बली हे त्यासाठी चांगलं ठिकाण आहे. 2021 च्या जनगणनेत ब्रेंट या इथल्या बरोमधले निम्म्याहून अधिक रहिवासी ब्रिटनबाहेर जन्मलेले निघाले. ‘इथे हे कसं करतात?’ हा प्रश्न अशा ठिकाणी रोज कुणाला ना कुणाला पडतो. त्यात ईलिंग रोडचा बाजार घडला तो मुख्यतः केनिया-युगांडातून आलेल्या गुजराती कुटुंबांमुळे. मराठी स्वयंपाकघर या बाजारात पाहुणं आहे. त्याला जवळजवळ सगळं मिळतं, पण नेमकं आपल्या पद्धतीचं काय ते शोधून काढावं लागतं. शिफारशीची गरज पडते ती या शोधात.

2. बघून कळणाऱ्या, वापरून कळणाऱ्या आणि कधीच न कळणाऱ्या गोष्टी

सुरुवात वस्तूंपासून करू. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी 1970 मध्ये वस्तूंचे दोन गट मांडले. काही वस्तूंची प्रत घेण्याआधी तपासता येते, काहींची वापरल्यावरच कळते. तीन वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा गट जोडला: वापरून झाल्यावरसुद्धा ज्यांची प्रत सामान्य माणसाला कळत नाही अशा गोष्टी. दाताच्या डॉक्टरांनी भरलेली दाढ खरंच भरायला हवी होती का, हे दाढ भरल्यानंतरही आपण सांगू शकत नाही. विभागणी साधी आहे, पण शिफारशीचा पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा राहतो.

तोंडली पहिल्या गटातली. हातात घ्यावी, जून वाटली तर ठेवून द्यावी. इथे मैत्रीण लागत नाही. हापूसची पेटी मात्र दुसऱ्या गटातली. एप्रिल ते जून या काळात ईलिंग रोडवर आंब्याच्या पेट्या रचलेल्या असतात. फळ बाहेरून पिवळंधमक, वास घमघमीत, आणि कापल्यावर आत बाठीजवळ पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. कोकणातले बागायतदार त्याला ‘साका’ म्हणतात. हापूसचा हा जुना दोष आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली, तिचा एक मोठा गुण साका न होणं हाच सांगितला जातो. साका सालीवरून ओळखू येत नाही. तुम्ही पेटी कितीही उलटसुलट करा, दुकानदारालाही खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात त्याच दुकानातून, त्याच मालातली पेटी घेऊन जिने घरी आंबे कापले, तिच्या एका वाक्याला इथे भाव येतो. हा भाव काही दिवसांपुरताच असतो. पुढच्या आठवड्यात माल बदलतो आणि शिफारस शिळी होते. 2014 साली तर, आदल्या वर्षीच्या मालात फळमाशी सापडल्यामुळे, युरोपीय संघाने 1 मेपासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ऐन हंगामात ब्रिटनच्या बाजारातून हापूस नाहीसा झाला. बंदी उठली 2015 च्या सुरुवातीला. बंदीच्या त्या उन्हाळ्यात दुकानाबद्दलचं जुनं ज्ञान, ताऱ्यांचं असो की मैत्रिणीचं, सगळंच निकामी होतं.

तिसऱ्या गटाकडे शेवटी येऊ. तिथे मैत्रिणीची शिफारस सर्वांत गोड वाटते आणि सर्वांत धोक्याची असते.

3. सरासरी कुणाची?

वापरून कळणाऱ्या वस्तूंसाठी तर पाचशे जणांचा अनुभव उत्तमच, असं कुणी म्हणेल. एकीने कापलेल्या पेटीपेक्षा पाचशे जणांनी कापलेल्या पेट्या बऱ्या. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर देऊ.

समजा, एका किराणा दुकानाला 400 जणांनी तारे दिले आहेत. त्यांतले 390 जण गव्हाचं पीठ, तांदूळ, तेल नेणारे. माल ताजा, भाव वाजवी, म्हणून प्रत्येकाचे पाच तारे. उरलेले दहा जण ज्वारीचं पीठ नेणारे. ज्वारीचं पीठ या दुकानात हळू खपतं, पाकीट महिनोन्‌महिने पडून राहतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते: कितीही कढत पाण्यात मळा, थापताना कडेने चिरा पडतात आणि भाकरी परातीतून उचलताना तुटते. या दहा जणांचा प्रत्येकी एक तारा. एकूण तारे 1950 अधिक 10, म्हणजे 1960, भागिले 400, सरासरी 4.9. फोनवर हे दुकान परिसरातलं जवळजवळ सर्वोत्तम दिसेल. भाकरी खाणाऱ्या घरासाठी मात्र खरा आकडा एक आहे. सरासरी खोटी नाही, कुणी लबाडीही केलेली नाही. ती फक्त दुसऱ्यांची आहे. आणि त्या दहा जणांना शेऱ्यांच्या ढिगातून शोधून काढणं हे दुकानं पालथी घालण्याहून सोपं नाही. भाकरी करणारी एक मैत्रीण इथे चारशेंना भारी पडते, कारण ती त्या दहांतली आहे आणि तुम्हीही त्या दहांतल्याच आहात हे तिला ठाऊक आहे. तयार कपड्यांच्या दुकानात मोठं, मध्यम, लहान असे आकार असतात; शिंपीणबाईंकडे तुमचा मापाचा ब्लाऊज असतो. तारे म्हणजे तयार आकार. मैत्रिणीकडे मापाचा ब्लाऊज आहे.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि मैत्रिणींवर जीव असणारे लोक ती विसरतात. समजा, इलेक्ट्रिक किटली घ्यायची आहे. एका कंपनीच्या वीस किटल्यांपैकी एक वर्षभरात बिघडते, दुसरीच्या वीसपैकी चार. दुसरी कंपनी चौपट वाईट. पण तिची किटली घेतलेल्या मैत्रिणीला विचारलं, तर वीसपैकी सोळा वेळा उत्तर मिळणार, ‘छान आहे, घे बिनधास्त.’ एका किटलीच्या अनुभवातून चांगली आणि वाईट कंपनी वेगळी काढताच येत नाही. पाणी उकळण्यात कुणाची आवड-निवड नसते, माप सगळ्यांचं एकच, म्हणून इथे मोठ्या संख्येचा विजय होतो. किटली, छत्री, फोनचा चार्जर यांसाठी शेकडो शेरे वाचावेत. मैत्रिणीचं मत ऐकून घ्यावं, पण त्यावर पैसे लावू नयेत.

ताऱ्यांमध्ये आणखी एक खोट आहे. विक्रीच्या संकेतस्थळांवरच्या शेऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा एक आकृती पुन्हा पुन्हा दिसली: पाच ताऱ्यांचा उंच डोंगर, एका ताऱ्याची छोटी टेकडी, मधे जवळपास सपाट. कारण उघड आहे. जो खूश आहे किंवा चिडलेला आहे तोच लिहायचे कष्ट घेतो. ‘ठीक होतं’ हे सांगायला कोण टाइप करत बसेल? रोजच्या जगण्याला तर या मधल्याच भागाची गरज असते. ‘दुकान बरं आहे, पण कोथिंबीर तिथून घेऊ नकोस.’ ‘जा, पण इव्हेंट डेला गाडी काढू नकोस.’ वेम्बली स्टेडियममध्ये 90,000 माणसं मावतात, सामन्याच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी भोवतालच्या रस्त्यांवर पार्किंगचे वेगळे नियम लागतात, आणि गाडी असलेल्या प्रत्येक घराला ते तारखेसकट पाठ असावे लागतात. अशी ‘पण’वाली वाक्यं तारे देऊ शकत नाहीत. त्यात पैसे देऊन लिहवलेल्या खोट्या शेऱ्यांचा सुळसुळाट इतका झाला, की ब्रिटनला 2024 च्या ग्राहक कायद्यात त्यांच्यावर सरळ बंदी घालावी लागली. ती एप्रिल 2025 पासून अमलात आहे.

मग यंत्राने तुमच्यासारखी माणसं हुडकून त्यांचीच मतं तुमच्यापुढे ठेवली तर? हा प्रयत्न जुना आहे. 1994 मध्ये ‘ग्रुपलेन्स’ या प्रकल्पाने वाचकांची आवड ताडून बातम्या सुचवायला सुरुवात केली. ॲमेझॉनने 2003 मध्ये आपली ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ची पद्धत प्रसिद्ध केली. यंत्राला तुमचं माप खरंच थोडंफार कळतं. पण तुम्ही काय घेतलं तेवढंच त्याला दिसतं, का घेतलं ते दिसत नाही. हळदीकुंकवाला वाटायला एकदा वीस वाट्या घेतल्या, की ते महिनाभर वाट्याच दाखवत बसतं. मैत्रिणीला वाण ठाऊक असतं.

4. ज्याची जाहिरात कुणीच करणार नाही

आतापर्यंत शिफारस म्हणजे ‘अमुक घे’ असं आपण धरलं. मैत्रिणी एकमेकींना देतात त्यांतला मोठा भाग मात्र विकत घेण्याचा नसतोच. ते छोटे शोध असतात, आणि त्यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांतून तिसऱ्या कुणाला चार पैसे सुटत नाहीत. जाहिरात पैशाने चालते. ज्यात विक्रेताच नाही ते ज्ञान जाहिरातीच्या वाटेने येणार कसं?

डाळीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. इथे नव्याने आलेल्या घराची तक्रार ठरलेली: तूरडाळ शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा, वरण पळीवाढं होतच नाही. दोष दुकानाला दिला जातो. खरा दोष बऱ्याचदा नळाचा असतो. लंडनचं पाणी जड आहे; चुनखडीच्या थरांतून आल्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. किटलीच्या तळाशी जमणारी पांढरी खपली ती हीच. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, आणि पाणी उकळत असूनही दाणा फुटत नाही. उपाय असे: डाळ तासभर भिजवावी, पाणी आधी खळखळून उकळून, निवल्यावर वरचं ओतून घ्यावं, कारण उकळताना बरंच कॅल्शियम खपलीच्या रूपाने तळाशी बसतं, चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावं, आंबटपणानेही डाळ अडते. चिमूटभर खायचा सोडा झटकन काम करतो, पण चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्व जातं. आणि पाकिटावर तेल लावलेली डाळ असं लिहिलं असेल तर ते बहुधा एरंडेल असतं, टिकण्यासाठी लावलेलं. गरम पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवावं. यातली एकही गोष्ट सांगून कुणाचा धंदा वाढत नाही. पाण्याची कंपनी सांगणार नाही, डाळीची कंपनी तर नाहीच.

दह्याचंही तसंच. विरजणातले जिवाणू चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास जोमाने वाढतात, आणि जानेवारीत इथलं स्वयंपाकघर त्याच्या निम्म्यावरही नसतं. म्हणून परदेशातल्या मराठी घरांत एक युक्ती फिरते: पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि आतला दिवा चालू ठेवा. जुन्या तारेच्या दिव्याची ऊब रात्रभर पुरते. पण काही नव्या ओव्हनमध्ये एलईडी दिवे आहेत, ते उजेड देतात, ऊब जवळजवळ नाहीच. तिथे सकाळी दूधच मिळतं. ही युक्ती छापून हजार घरांत वाटली तर काही घरांत ती फसेल आणि का फसली हे कुणाला कळणार नाही. जिने तुमचं स्वयंपाकघर पाहिलं आहे ती मात्र आधीच विचारते, ‘तुझ्या ओव्हनमध्ये दिवा कुठला आहे?’ आणि फसलंच, तर दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर येतं. तारे देणाऱ्याच्या कानावर काहीच येत नाही. म्हणून मैत्रिणीची युक्ती दर वेळी थोडी सुधारते.

सरकारी सोयींचंही असंच होतं, आणि हे जरा चमत्कारिक आहे. त्यांची माहिती गुप्त नसते, फलकांवर लिहिलेली असते. पण ती सगळ्यांसाठी लिहिलेली असल्यामुळे ‘हे माझ्यासाठी आहे’ असं कुणालाच वाटत नाही. विलसडन जंक्शनसारख्या स्थानकांवर गुलाबी रंगाची कार्डयंत्रं आहेत. गाडी बदलताना कार्ड त्यांना टेकवलं की तुम्ही मध्य लंडन टाळून गेलात हे नोंदलं जातं आणि काही प्रवासांचं भाडं कमी पडतं. सोळा ते पंचवीस वयोगटाचं रेलकार्ड लंडनच्या प्रवासाच्या ऑयस्टर कार्डाला जोडून घेतलं की गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते, पण ते जोडायला स्थानकावरच्या माणसाला सांगावं लागतं; यंत्र आपणहून विचारत नाही. 31 जानेवारी 2024 पासून इंग्लंडमधले औषधविक्रेते घसादुखी, सायनस, कीटकदंशाचा संसर्ग, नागीण अशा सात तक्रारींवर, वयाच्या ठरलेल्या अटींत, जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ न घेता तपासून औषध देऊ शकतात. ‘मुलीचा घसा दुखतोय म्हणतेस ना, मग फार्मसीत जा, पाच वर्षांवरच्यांना चालतं’ असं कुणी म्हणेपर्यंत ही सोय त्या घरापुरती नसल्यासारखीच असते.

यावर रास्त शंका अशी, की हल्ली मैत्रिणींच्या शिफारशीलाही पैसे मिळतात. वीज-गॅसच्या कंपन्या, बँका, शिकवणीवाले ‘मैत्रीण आणा, दोघींना बक्षीस’ म्हणतात. शंका खरी आहे. ज्या क्षणी बक्षीस आलं त्या क्षणी ती जाहिरात झाली. वाईट असेलच असं नाही, पण तिचं मोल वेगळं धरावं लागतं. ‘यात तुला काय मिळतं?’ हा प्रश्न उद्धट नाही. जवळच्या मैत्रीत तो हसत विचारता येतो, आणि उत्तरही खरं मिळतं.

5. बातमी लांबून, खात्री जवळून

आता सर्वांत जड आक्षेप. जवळच्या मैत्रिणींना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. त्याच दुकानांत त्या जातात, त्याच शाळांत त्यांची मुलं, त्याच गटांत त्यांचे फोन. मग नवं काही त्यांच्याकडून कळणार कसं? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा गाजलेला निबंध याच मुद्द्यावर आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याने बातमी दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे. वरचेवर भेटणारा म्हणणारे निघाले फक्त 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारा म्हणणारे 55.6 टक्के, क्वचित भेटणारा म्हणणारे 27.8 टक्के. नवी बातमी पातळ ओळखीतून येते. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आला; त्यानेही हे मान्य केलं, एका दुरुस्तीसह: अगदी अनोळखी नव्हे आणि अगदी जिवलगही नव्हे, मधल्या ओळखी नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी पडतात.

म्हणजे मैत्रिणींचा दावा फेटाळला गेला का? नाही. बातमी मिळणं आणि तिच्यावर भरवसा ठेवून पाऊल उचलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांतल्या मका-शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. संकरित बियाण्याबद्दल पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, याला जवळजवळ निम्म्यांचं उत्तर ‘विक्रेत्याकडून’. पण ते पेरायला कुणामुळे तयार झालात, याला सर्वाधिक उत्तरं आली ‘शेजाऱ्यामुळे’. विक्रेत्याने वर्षानुवर्षं सांगितलं, पण शेजारच्या शेतात कणीस दिसल्यावर मन वळलं.

आपल्या परिसराचा इतिहासही हेच सांगतो, आणि इथे तर सांगणारं सरकार होतं. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला आणि सुमारे 28,000 जण ब्रिटनमध्ये आले. सरकारच्या पुनर्वसन मंडळाने त्यांना देशभर पांगवण्यासाठी आधीच गर्दी असलेली शहरं टाळायला सांगितली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर सप्टेंबर 1972 मध्ये ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘इकडे येऊ नका’ असं सुचवलं. तरी हजारो लोक लेस्टरलाच गेले, कुणी लंडनच्या उत्तरेला आणि वेम्बलीच्या बाजूला आले. जिथे आतेभाऊ होता, गावचा कुणी होता, तिथे. ज्यांचं सगळं मागे राहिलं होतं, त्यांनी छापील सल्ल्यापेक्षा ‘इथे ये, मी आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवला.

म्हणून एखाद्या घराला दोन्ही प्रकारच्या ओळखी लागतात. महाराष्ट्र मंडळ लंडन 1932 पासूनचं. डॉलिस हिल लेनवरची त्याची वास्तू वेम्बलीपासून फार दूर नाही. गणेशोत्सवाला किंवा दिवाळीला तिथे वर्षाकाठी एक-दोनदाच भेटणारी माणसं, ही ग्रॅनोव्हेटरची पातळ ओळख. प्रसादाच्या रांगेत कुणीतरी सांगतं, की अमक्या भागात मराठीचे वर्ग सुरू झालेत. बातमी इथे मिळते. मुलाला तिथे घालायचं की नाही हे ठरतं त्यानंतर, मैत्रिणीबरोबर फोनवर, कारण मूल लाजरं आहे हे तिला माहीत असतं.

6. सगळ्याच एकमेकींचं ऐकू लागल्या तर?

मग चुकीची निवडही गाजेल. 2006 मध्ये मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना 48 अनोळखी गाणी ऐकवली. काहींना गाण्यांची नावं तेवढी दिसत. बाकीच्यांची आठ वेगळ्या गटांत वाटणी होती आणि त्यांना आपापल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तेही दिसत होतं. आकडे दिसू लागताच गाजलेली गाणी जास्तच गाजली, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी गाजली. फार वाईट गाणं क्वचितच वर आलं, फार चांगलं क्वचितच तळाला गेलं, पण मधल्यांचं भवितव्य सुरुवातीच्या काही जणांवर ठरलं. मोठ्या व्हॉट्सॲप गटात एका डबेवालीचं नाव तीनदा आलं, की चौथी बाई न चाखताच तेच नाव पुढे ढकलते. हा तोच प्रयोग, फक्त गाण्यांऐवजी डबे.

हा धोका मी नाकारत नाही. पण तो गर्दीचा धोका आहे, मैत्रीचा नव्हे. दोनशे जणींच्या गटात कुणी काय स्वतः वापरलं आणि काय नुसतं ऐकलं हे कळत नाही. दोघींच्या बोलण्यात ते एका प्रश्नात कळतं: ‘तू स्वतः खाल्लंस का?’ त्याला जोडून आणखी विचारावं: कधी, कुणासाठी, आणि दुसऱ्यांदा घेतलंस का. ‘चांगलं आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सोपं असतं. ‘दुसऱ्यांदा घेतलंस का?’ याला उगीच हो म्हणणं अवघड जातं.

7. बॉयलर

आता तो तिसरा गट, वापरूनही न कळणाऱ्या गोष्टींचा. हिवाळ्यात बॉयलर बंद पडतो आणि पहिला फोन मैत्रिणीला जातो. ती सांगते, ‘आमच्याकडे येतो तो चांगला आहे. वेळेवर येतो, पैसे वाजवी, काम झाल्यावर पुसून जातो.’ प्रत्येक शब्द खरा. पण धुराची नळी नीट बसली आहे का, जळताना कार्बन मोनॉक्साइड घरात येतो का, हे तिने पाहिलेलं नाही आणि तिला पाहता येणारही नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही. तिने पाहिलेल्या अर्ध्या भागावरून आपण न पाहिलेला अर्धा भागही गृहीत धरतो. आधीच्या विभागांत जो विश्वास आपल्या कामी आला, तोच इथे घात करतो.

म्हणूनच अशा कामांसाठी नोंदवह्या केल्या गेल्या. ब्रिटनमध्ये गॅसचं काम करणाऱ्याची गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असणं कायद्याने सक्तीचं आहे. 1 एप्रिल 2009 पासून या यादीने जुन्या ‘कॉर्गी’ या यादीची जागा घेतली. इमिग्रेशनचा सल्लाही तसाच. 1999 च्या कायद्यानुसार पात्रता किंवा नोंदणी नसताना व्यवसाय म्हणून असा सल्ला देणं, पैसे घेऊन वा न घेता, गुन्हा आहे. ‘आमचं काम त्याने केलं’ हे वाक्य इथे फार कमी सांगतं. अर्ज मंजूर झाला तो सल्ल्यामुळे की सल्ला असूनही, हे अर्जदाराला कळत नाही. आणि गुंतवणुकीत तर फसवणारे मुद्दाम मैत्रीच्याच वाटेने येतात. डिसेंबर 2008 मध्ये पकडला गेलेला बर्नार्ड मॅडॉफ अनेक वर्षं आपल्याच समाजाच्या ओळखींतून, क्लबांतून गिऱ्हाइकं मिळवत होता. शिफारस करणारे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दर महिन्याला नफ्याचे आकडे येत होते.

कुणी म्हणेल, मैत्रिणीने माणूस सुचवल्यावर त्याची कागदपत्रं तपासणं म्हणजे तिच्यावरच अविश्वास. माणसं याच संकोचापायी तपासत नाहीत. पण मैत्रीण ज्याची ग्वाही देते आणि नोंदवही ज्याची देते, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस वेळेवर येईल की नाही हे रजिस्टर सांगत नाही, तिथे मैत्रीणच हवी. गॅस सेफच्या कार्डावर पुढच्या बाजूला फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागच्या बाजूला त्या माणसाला गॅसची कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, आणि शेगडी जोडू शकणाऱ्याला बॉयलरचं काम करता येईलच असं नाही. क्रमांक गॅस सेफच्या संकेतस्थळावर टाकून ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. जी मैत्रीण नाव देतानाच ‘तो वेळेवर येतो, पण कार्डाची मागची बाजू तू बघून घे’ एवढं जोडते, तिने आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे एकाच वाक्यात सांगितलेलं असतं.